ओहोटी किती तास मिळते?

बांध किती उंच करायचा, हा खारभूमीच्या बैठकीतला पहिला प्रश्न असतो. मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पाणी किती वेळ बाहेर जाते, हे फारसे कोणी विचारत नाही. गोव्यातील खाजणे पाहिली की हा दुसरा प्रश्नच अधिक निकडीचा वाटतो.

मांडवी-जुवारीच्या काठची ही बंदिस्तीची जमीन. चिखल, पेंढा आणि जांभ्याचा बांध, त्यात लाकडी झडपांची मानस. भरतीच्या रेट्याने झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पंप नाही, वीज नाही. सगळी भिस्त ओहोटीवर. आणि समुद्र चढतो तेव्हा भरतीबरोबर ओहोटीची पातळीही वर येते. 1901 ते 2018 या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. गोव्यात उधाणालाही भरती-ओहोटीतले अंतर दोनेक मीटरच. तिथे वीतभर पाणी चढले की झडप उशिरा उघडते आणि लवकर मिटते. त्यातच आषाढातला पाऊस कोसळला, तर बांध शाबूत असूनही शेत आतल्याच पाण्यात बुडते. खारे पाणी सोसणारे कोरगुट भातही किती दिवस तग धरणार? म्हणून मानशीची रुंदी, तिच्या उंबरठ्याची पातळी आणि मानशीलगतच्या आतल्या तळीतला, म्हणजे पोंयीतला, गाळ आधी मोजावा. बांधाची उंची त्यानंतर ठरवावी.

झडप सांभाळणारे हातही मोजावे लागतील. गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामुदायिक जमीनव्यवस्थेच्या, काळी बांधाची राखण गावाकडे होती; 1964च्या कूळ कायद्यानंतर ती कूळ संघटनांकडे आली. शेती सुटत गेली तशी राखणही सैल झाली. मासळीसाठी झडपा अवेळी उघड्या राहिल्या, तर काँक्रीटची नवी मानसही शेत वाचवू शकत नाही.

बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा जोर मोडते. पाणी चढले की या कांदळवनाला जमिनीकडे सरकायला जागा हवी, आणि तिथे तर आपलाच बांध उभा. पडीक खाजणांत काही ठिकाणी बांध मागे घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तिथल्या कुळांना आधी मोबदला मिळालाच पाहिजे.

या पावसाळ्यात आपल्या देखरेखीखालच्या एका तरी मानशीची झडप किती वाजता उघडली, किती वाजता मिटली, याची रोजची नोंद आमच्याकडे पाठवा. उधाणाची नोंद सगळेच ठेवतात. आम्हाला भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांची, हवी आहे. पाणी सर्वांत कमी उतरते ते त्याच दिवसांत.