जनुकाची अक्षरे आणि मजुराचा जीव

बीटी कापसाचे जनुक मातीतल्या एका जिवाणूचे. त्यापासून बोंडअळीला मारणारे प्रथिन बनते. पण जिवाणूची लिपी वनस्पतीला नीट वाचता येईना. प्रथिन नगण्य बने. मोन्सँटोच्या शास्त्रज्ञांनी प्रथिन जवळपास तेच ठेवून जनुकाची अक्षरे बदलली. १९९१ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, वनस्पतीतील प्रथिन शंभर पटीपर्यंत वाढले.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्याच्या पाकिटामागे कंपनीने स्वामित्वशुल्क घेतले. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. गुलाबी बोंडअळीने मात्र दोन्ही पचवले. २०१७ मध्ये तिने विदर्भाचा कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

विज्ञान आमचे शत्रू नाही. पण नफा कंपनीचा आणि विष मजुराच्या छातीत, हा कोणता न्याय? कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. जनुकाचे अक्षर न् अक्षर तपासणाऱ्या या व्यवस्थेला पाठीवर पंप घेतलेल्या भूमिहीनाचे उघडे तोंड दिसत नाही काय? शासनाने उत्तर द्यावे!