हात हलला की छराच वाकडा?

प्रॅक्टिसला स्वस्तातले छरे वापरायला काहीच हरकत नाही. पण ते न तपासता पोरांच्या हाताला नावं ठेवणं आता बंद व्हायला हवं.

‘ताई, मला नाही जमत गं हे. रायफल विकून टाकूया का?’

रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन. ती डहाणूला, अकरावीत. एनसीसीच्या कॅम्पमध्ये .२२ रायफलच्या पाच गोळ्या झाडल्या आणि त्या दिवसापासून पोरगी नेमबाजीनं झपाटली. .२२ साठी परवाना लागतो, त्यामुळे तो विषय घरात निघायच्या आधीच संपला. मग काकांनी सेकंडहँड एअर रायफल आणली. छऱ्याची बंदूक. चिकूच्या पेट्या भरतात त्या शेडमध्ये टेपनं दहा मीटर मोजले, टार्गेटमागे लोखंडी पेटी ठेवली, दाराला आतून कडी. झाली रेंज तयार!

सुरुवातीचे दोन महिने मस्त गेले. मग छऱ्यांचा नवा डबा आला आणि स्कोअर गडगडला. नऊ, दहा, नऊ आणि मध्येच सात. पुन्हा दहा, पुन्हा सात. शिबिरातले सर म्हणाले, श्वास चुकतोय. आई म्हणाली, मोबाइल कमी कर. तिनं मोबाइल कमी केला, श्वास मोजला, पहाटे उठून प्राणायामसुद्धा केला. सात काही हटेना. शेवटी तिनं स्वतःच निकाल लावला, आपल्यात तेवढा दमच नाही.

त्या शनिवारी मी डहाणू लोकल पकडून घरी गेले. मला नेमबाजीतलं काही फार कळतं असं नाही. पण आम्हाला पत्रकारितेच्या वर्गात एक गोष्ट घोकून घेतली होती, आरोप करायच्या आधी दुसरी बाजू तपासा. इथे आरोपी एकच होती, तिचा हात. छऱ्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

तांदळाच्या पिशवीवरची चौकशी

आम्ही केलं ते अगदी साधं होतं. टेबलावर तांदळाची पिशवी ठेवली, तिच्यावर रायफल टेकवली, म्हणजे हाताचा वाटा जवळजवळ संपला. त्याच डब्यातले दहा छरे एकाच टार्गेटवर मारले. भोकांचा पसारा रुपयाच्या नाण्याएवढा! मग मैत्रिणीकडून मूठभर छरे मागून आणले. तीच कंपनी, तीच किंमत, फक्त डब्यावरचा लॉट नंबर वेगळा. तीच पिशवी, तीच रायफल, दहा छरे. सगळी भोकं एकमेकांत मिसळून एकच मोठं भोक. पुन्हा पहिला डबा, पुन्हा नाणं. योगायोग नको म्हणून सगळं दोनदा केलं.

ती टार्गेटकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे तीन आठवडे मी उगाच रडले?’

हो. उगाच.

आता आकडे बघा, म्हणजे हे किती नाजूक प्रकरण आहे ते कळेल. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. छरा साडेचार मिलिमीटरचा. छऱ्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छऱ्याचं केंद्र जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर सरकलं तर चालतं. नाण्याएवढा पसारा देणारा छरा तुमचा नेम अचूक असला तरी सातवर जाऊ शकतो. तुम्ही मात्र श्वास दुरुस्त करत बसता.

.२२ ची तीच गोष्ट, फक्त खर्च मोठा. ही गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. एका गोळीत दारू जरा कमी, दुसरीत जरा जास्त, असं होऊन वेगात १० मीटरचा जरी फरक पडला, तरी ५० मीटरवर ती सुमारे सात मिलिमीटर वर-खाली लागते. त्या टार्गेटवर दोन रिंगांमध्ये अंतर असतं आठ मिलिमीटर. म्हणजे जवळपास एक गुण नुसत्या काडतुसानं खाल्ला.

महाग घ्या, हे उत्तर नाही

तुम्ही म्हणाल, मग चांगल्यातला डबा घ्यावा ना! बोलायला सोपं आहे. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ जिंकलं, तेव्हा आपण सगळे नाचलो. त्याच्या सरावाला गोळ्या मिळाव्यात म्हणून वडिलांनी कर्ज काढलं होतं, हेही आपण तेव्हाच वाचलं आणि ‘वा, काय जिद्द!’ म्हणून पुढे गेलो. या खेळात सराव म्हणजे दर मिनिटाला पैसे जाळणं. एका मॅचलाच ६० शॉट लागतात. रोज तेवढे मारायचे तर ५०० छऱ्यांचा डबा आठ दिवसांत रिकामा. आपल्याकडच्या पोरांनी स्वस्तातला डबा घ्यायचा नाही तर काय करायचं?

आणि महाग म्हणजे चांगला, हेही खरं नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. साडेचारचे म्हणून मिळणारे छरेसुद्धा डोक्याकडे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा बारीक फरकांचे असतात. एकीला जे मानवतं, ते दुसरीला मानवत नाही. म्हणून तर मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन इंग्लंडमध्ये एलीच्या नाहीतर जर्मनीत लापुआच्या टेस्टिंग रेंजवर जातात, एकाच प्रकारच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट उचलतात. ज्यांना सगळ्यात भारी गोळ्या परवडतात, तेही नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाहीत. मग स्वस्तातला डबा घेणाऱ्यांनी डोळे मिटून का घ्यायचा?

आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन आहे. तरी व्यापारी पेटीतली वरची फळं बघून सौदा करतो का? खालच्या थरात हात घालतोच. छऱ्यांच्या डब्याला तेवढाच न्याय लावा, एवढंच म्हणणं आहे.

तपासा असं

– मूठभर छरे पांढऱ्या कागदावर ओता. मागची झालर चेपलेली, कडेला शिशाचा कीस लोंबतोय, असे बाजूला काढा. मूठभरात खूपच निघाले, तर डब्याचं काही खरं नाही.

– ओळखीच्या सोनाराकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा असेल, तर वीस छरे एकेक करून तोलून घ्या. छरा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. वजनं फार उड्या मारत असतील तर सावध व्हा.

– टार्गेटसाठी सपाट तोंडाचेच छरे घ्या. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. टोकदार छरे कागद फाडतात आणि गुणांवरून भांडणं होतात.

– आधी रायफलचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. डबा बदलला की पहिले पाच-दहा छरे मोजू नका. मग टेकवून दहा-दहाचे दोन ग्रुप मारा. टार्गेटवर तारीख आणि लॉट नंबर लिहून ठेवा.

– लॉट चांगला निघाला, तर त्याच नंबरचे आणखी दोन डबे उचला. वाईट निघाला, तर तो ट्रिगर आणि पोझिशनच्या सरावाला वापरा, पण त्याचा स्कोअर वहीत लिहू नका.

– छरे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, हात साबणानं धुतल्याशिवाय वडापावला शिवू नका. आणि घरात मोठं माणूस असल्याशिवाय रायफल बाहेर काढायची नाही, म्हणजे नाही.

मोठ्यांनो, तुम्हालाही

हे सगळं एकेका पोरानं आपापल्या शेडमध्ये करायचं, हेही बरोबर नाही. क्लब, शाळा, कॉलेजं छरे घाऊक घेतात. वाटण्याआधी प्रत्येक लॉटमधला एक डबा टेकवून मारून बघायला अर्धा तास पुरतो. ते टार्गेट नोटिसबोर्डवर लावा. मग एखाद्या मुलीचा सात गेला, तर सरांना आधी बोर्डकडे बघता येईल आणि नंतर तिच्याकडे. सरावाचे डबे कुठले आणि निवड चाचणीत कुठले, हेही मुलांना आधी सांगा. निदान आपण कशाविरुद्ध खेळतोय, ते तरी त्यांना कळेल.

मुंबईच्या पोराला शंका आली तर तो संध्याकाळी वरळीच्या रेंजवर जाऊन कुणाला तरी विचारेल. तलासरीच्या पोरीला विचारायला कोणी नसतं. तिच्याजवळ असतो एक डबा आणि समोर एक कागद. तो कागद खोटं बोलत असेल, तर ती खेळच सोडते. अशी किती पोरं घरी बसली असतील, याची नोंद कोण ठेवतं?

आमच्या बाईसाहेबांनी रायफल विकली नाही. परवा मेसेज आला, ‘ताई, आज पण सात गेला. पण डबा तपासलाय. आजचा सात माझा आहे.’

इतक्या आनंदानं कळवलेला सात मी पहिल्यांदाच पाहिला.