स्टेटस, स्क्रीनशॉट आणि पोलिस ठाणे

भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागोपाठ येतात. कुठे मिठागरे, कुठे वर चढत चाललेल्या इमारती आणि मध्येच अजून तग धरून असलेली कौलारू घरे. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी आधी याच पट्ट्यातली जमीन ठरली होती. गावांनी कडाडून विरोध केला, कारशेड डोंगरीला न्यायचे ठरले आणि मग तिथल्या झाडांचा प्रश्न उभा राहिला. जमीन, झाडे, रस्त्याची रुंदी, गावठाणाची हद्द, पाण्याची वेळ, असे या गावांत बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्वी ते ओट्यावर बोलले जायचे, आता बहुतेक फोनवर.

अशाच एखाद्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला कुणीतरी विचारतो, ‘नकाशातली ही रेघ कुणी सरकवली?’ दोघे अंगठा दाखवतात. तिसरा काही लिहायला घेतो आणि थांबतो. पाच मिनिटांत मूळ प्रश्नच नाहीसा होतो आणि मेसेज काढून टाकल्याची फिकट ओळ तेवढी उरते. लिहिणाऱ्याने खोटे काही लिहिलेले नसते. त्याला फक्त आठवलेले असते की ग्रुपमध्ये दोनशे जण आहेत, त्यांत नगरसेवकाचा माणूस आहे आणि आपला भाचा पालिकेत ठेक्यावर कामाला आहे. खटला झाला तर निदान बातमी होते. या फिकट ओळीची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे राज्यघटना, संपादक आणि व्यंगचित्रकार आठवतात. खासगीपणाचा निघाला की ओटीपी आणि फसवणुकीचे फोन. हे दोन्ही विषय वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवयच लागली आहे आणि ती चुकीची आहे. आपण कुठे राहतो, आपले पोट कशावर चालते, घरात कोण कोण आहे, यातले समोरच्याच्या हाती किती आहे याचा अंदाज घेऊनच माणूस तोंड उघडतो. ते सगळेच त्याच्या हाती असेल तर कायद्याने कितीही मोकळीक दिली तरी तोंड बंदच राहते.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला राईहून फार दूरचा नाही. खाडी ओलांडून वसई, विरार मागे टाकत गाडी पालघरला पोचते. २०१२ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा नव्हता, ठाण्याचाच भाग होता. पालघरचे पोलिस आणि राई-भाईंदरचे पोलिस एकाच ठाणे ग्रामीण अधीक्षकांच्या हाताखाली होते. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई आणि आसपासची गावे बंद होती. पालघरच्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिले, त्याचा आशय असा की माणसे रोज जातात, जग चालूच राहते, मग हा बंद कशासाठी? तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली. मैत्रिणीचा गुन्हा एवढाच.

पुढचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यात कायदा शेवटी येतो. आधी माणसे जमली. मग मुलीच्या काकांच्या अस्थिरोग रुग्णालयावर जमाव चालून गेला आणि त्याने तिथे तोडफोड केली. काकांनी काहीही लिहिलेले नव्हते. पण पालघरसारख्या गावात कुणाची पुतणी कोण आणि डॉक्टरांचा दवाखाना कुठे, हे विचारावे लागत नाही. एका वाक्यापासून एका पाटीपर्यंत पोचायला जमावाला काही मिनिटे पुरली. पोलिसांनी त्यानंतर दोन्ही मुलींना अटक केली. त्यांच्यावर भारतीय दंड विधानाबरोबर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ लावले गेले आणि प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर त्यांना जामीन मिळाला.

देशभर ओरड झाली. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना खरमरीत पत्र लिहिले. पोलिस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे प्रकरण बंद करण्यात आले. श्रेया सिंघल ही तरुणी याच अटकेने अस्वस्थ होऊन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांनी ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘त्रास होणे’, ‘गैरसोय होणे’ असल्या मोघम शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कैद देणारे ते कलम होते. त्रास कुणाला आणि किती, हे ठरवणार ठाण्यात बसलेला अंमलदार.

कलम गेले तरी त्याची सवय गेली नाही. रद्द झालेल्या कलमाखालीच गुन्हे नोंदवले जात राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यावर धक्का बसल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, कुणावरही या कलमाखाली कारवाई करू नये, असा स्पष्ट आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात ठाणे पोलिसांनी अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवार यांच्याविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अटक केली. एका पोस्टसाठी राज्यात वेगवेगळ्या ठाण्यांत गुन्हे दाखल झाले आणि त्यांना महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. ती पोस्ट अभिरुचीला धरून होती, असे कुणी म्हणणार नाही. पण अभिरुचीसाठी तुरुंग नसतो. पालघरला दुखावलेला पक्ष एक होता, ठाण्यात दुसरा. पक्षांची नावे बदलतात, ठाण्याचा उंबरठा तोच राहतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगल्याचे प्रकरण तर फोनच्या आतलेच. काश्मीरमधून आलेल्या एका प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवले. कलम ३७० हटवल्याचा दिवस त्याने काळा दिवस म्हटला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. स्टेटस म्हणजे चौकातला फलक नव्हे. फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांनाच ते दिसते आणि चोवीस तासांनी आपोआप जाते. पालक आणि शिक्षकांचे ग्रुप असले की ओळखीचा परीघ मात्र नकळत वाढत जातो. गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवायची वेळ आली आहे, असे त्यांनी बजावले. न्या. ओक मूळचे ठाण्याचे, वकिलीची सुरुवात तिथल्याच जिल्हा न्यायालयात केलेले.

त्या निकालाने जी कसोटी वापरली ती याच भूमीतली आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर लिहून ठेवले होते की शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर माणसावर काय होईल ते पाहावे. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो, त्याचे मन ही मोजपट्टी नव्हे. ठाण्यात स्क्रीनशॉट घेऊन येणारा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा माणूस असतो.

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरच्या संदर्भातली दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली. धमक्या येऊ लागल्यावर दोन तासांत ती काढून टाकली आणि माफीही मागितली. तरीही महाविद्यालयाने काढले, पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकार व महाविद्यालय दोघांनाही खडसावून तिला सोडायला लावले, कारण परीक्षा तोंडावर होत्या. इथेही क्रम पालघरसारखाच आहे. आधी नाव आणि कॉलेज चव्हाट्यावर आले, मग धमक्या, मग कायदा.

म्हणून निनावी लिहिण्याचा हक्क हा भित्र्यांचा हक्क आहे, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. मराठी गद्याची एक मोठी वाटच टोपणनावाने सुरू झाली. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने शंभराहून अधिक पत्रे छापून आली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि टीका करत होते ती स्वतःच्या ज्ञातीवर, पुण्यातल्या आप्तेष्टांवर. त्या सहीमुळे वाचकांना लिहिणाऱ्याच्या घराण्याआधी त्याचे म्हणणे वाचावे लागले. आज सासरी राहून नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिणारी बाई किंवा बिल्डरच्या गोणी मोजणारा मुकादम यांना हीच सोय हवी असते.

याला खरा आणि जड आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. मेसेज कुणी सोडला हे कळायलाच हवे, असे त्या दिवशी कुणालाही वाटले असेल. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या मेसेजिंग कंपन्यांवर पहिला पाठवणारा शोधून देण्याची सक्ती केली, ती याच तर्काने. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

पण हे घडते कसे ते पाहावे. आज दोन फोनांमधला मजकूर कुलूपबंद जातो आणि किल्ली त्या दोन फोनांतच असते. एका अफवेचा उगम शोधायचा तर कुठला मेसेज पुढे अफवा ठरेल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण उमटवून ठेवावी लागेल. गावच्या ग्रुपवरचा नकाशाचा प्रश्नही त्यात आला, डॉक्टरला पाठवलेला रिपोर्टही आला. राईनपाड्याचा जमाव निनावी नव्हता. भर दिवसा, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी मारले आणि त्याचे व्हिडिओही निघाले. उपयोग झाला तो साध्या गोष्टीचा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. वेग कमी करायला कुणाचे पत्र फोडावे लागले नाही.

खासगीपणाला २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मूलभूत हक्क म्हटले. तो हक्क रोजच्या जगण्यात कुठे दिसतो? मीरा-भाईंदरमधल्या बऱ्याच सोसायट्यांत गेटवर नाव, नंबर आणि फोटो दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची तर आधारची फाइल दुकानदाराच्या नंबरवर पाठवायची. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘डाउनलोड’चा फोल्डर उघडा असतो, त्यात सकाळपासून आलेल्या सगळ्यांच्या फाइली ओळीने दिसतात आणि एखादी उघडली की नाव, पत्ता, जन्मतारीखही. मागे उभा असलेला कुणीही वाचू शकतो. उद्या त्यातल्या एखादीने काही लिहिले आणि कुणाला झोंबले, तर तिचा पत्ता शोधायला पालघरइतकाही वेळ लागणार नाही.

यासाठी २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातली तारखांची मांडणी बोलकी आहे. लोकांची माहिती सांभाळण्याच्या कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार. पण त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या ८(१)(ञ) कलमात केलेला बदल लगेच लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना व्यापक जनहिताची अट त्याच कलमात होती, ती आता तिथून काढली. दुसऱ्या एका पोटकलमात जनहिताचा आधार शिल्लक आहे, पण माहिती अधिकाऱ्याला नकार देणे सोपे झाले हे नक्की. ज्या राज्यात केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा झाला आणि तळेगावच्या सतीश शेट्टी यांना जमिनींचे व्यवहार उघड करताना १३ जानेवारी २०१० रोजी जीव गमवावा लागला, तिथे ही गोष्ट सलते. नकाशातली रेघ कुणी सरकवली हे विचारणाऱ्याचा पत्ता झाकलेला हवा आणि रेघ सरकवणाऱ्याची सही उघडी. आज नेमके उलटे होऊ घातले आहे.

काही गोष्टी मात्र दिल्लीची वाट न पाहता होऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना आधी प्राथमिक चौकशी करता येते. तिला चौदा दिवसांची मुदत आहे आणि उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा तक्रारींत हाच मार्ग धरणे योग्य. उत्तन, भाईंदर, नवघर, काशिमिरा ही ठाणी २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात आहेत. आयुक्तालयाने एका पानाचे परिपत्रक काढून ते प्रत्येक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काचेखाली ठेवावे. स्क्रीनशॉट घेऊन कुणी आले की तक्रार लिहून घ्यावी, आधी तो मजकूर पूर्ण वाचावा, मग वरिष्ठांची सही मागावी. आणि लिहिणाऱ्याच्या दारात माणसे जमली असतील तर पहिली गाडी तिथे पाठवावी, त्याला उचलायला नव्हे, जमाव पांगवायला. पालघरला पोस्ट आणि अटक यांत जेमतेम एक दिवस गेला होता.