नानांचा टीबी आणि आमची लपवाछपवी

मंडळाच्या गणपतीला माझे सासरे आले नाहीत, तेव्हा "नानांना प्रवासाचा शीण आहे" असे मी सगळ्यांना सांगितले. ते खोटे होते. त्यांना टीबी झाला होता.

नानांना पंधरा वर्षांचा मधुमेह. अंगात दडलेला टीबी मधुमेहामुळे उलटण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. महिनाभर खोकला चालला तरी आम्ही इथल्या थंडीलाच बोल लावत राहिलो.

लाज जुनीच. माझ्या आत्याला मिरजेजवळच्या सॅनिटोरियममध्ये ठेवले होते. परत आल्यावरही तिची ताटवाटी वेगळी. वास्तविक १९५६ साली मद्रासला डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये आणि काही त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून वर्षभर तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरच्यांना जास्त लागण झाली नाही. महत्त्व खाटेला नव्हते, नेमाने गोळ्या घेण्याला होते. समोर उभे राहून गोळ्या गिळायला लावण्याची पद्धतही त्या केंद्राच्या पुढच्या कामातून आकाराला आली.

आमच्याकडेही काउंटीची नर्स गोळ्या घेऊन येई. (नाना तिला चहा घेतल्याशिवाय सोडत नसत!) आमच्या काउंटीत औषधांचा एक पैसाही पडला नाही.

नर्सने नानांच्या जवळ वावरलेल्यांची नावे मागितली. रुग्णाचे नाव खाते कोणालाही सांगत नाही, तरी शनिवारच्या पत्त्यांच्या डावातली दोन घरे मी गाळली. दोन आठवड्यांनी राहवेना, म्हणून कळवली. त्यातल्या एका घरात वर्षाचे बाळ होते, आणि एवढ्या लहान मुलांत टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. बाळाला खबरदारी म्हणून औषध सुरू केले. ते सुखरूप आहे. त्याच्या आजोबांची चाचणी मात्र पॉझिटिव्ह आली. तो आजार नव्हे, दडलेली लागण. त्यांनी चार महिने गोळ्या घेतल्या.

आपल्याकडे हातावरची चाचणी पॉझिटिव्ह आली की "लहानपणी बीसीजी टोचली होती ना!" म्हणून विषय संपतो. मला हे पटत नाही. आता रक्ताची चाचणी आहे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. उपचार न केल्यास अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो. मंडळाच्या आरोग्य शिबिरात साखर आणि ब्लडप्रेशर पाहतात, तिथे या चाचणीबद्दलही विचारावे, असे मी कार्यकारिणीला लिहिले आहे.

सहा महिन्यांनी नानांच्या गोळ्या संपल्या. "सूनबाई, आता मीच सांगतो," म्हणत त्यांनी पत्त्यांच्या मंडळींना एकेक करून फोन केले. डाव पुन्हा बसतो. एक गृहस्थ अजून आलेले नाहीत. नाना त्यांची खुर्ची मांडून ठेवतात.