आधी घर तयार करा, मग पिल्लू आणा



गल्लीत कुत्री व्याली की मोहल्ल्यातील मुलांना दुसरे काही सुचत नाही. दोन आठवड्यांत पिल्ले डोळे उघडतात, महिन्याभरात दुडुदुडु धावू लागतात. मग तुमच्यापैकी कोणीतरी हट्ट धरतो, "हे पांढरे पिल्लू मी घरी नेणार!" मुक्या प्राण्याविषयी माया वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण माझे मत स्पष्ट आहे. घर तयार नसेल, तर पिल्लू आणू नये.

पहिली तयारी घरातील माणसांची. आपल्यापैकी अनेक घरांत कुत्र्याला आत घेत नाहीत. नमाजची जागा आणि कपडे पाक ठेवावे लागतात. घरातील मोठ्यांचे हे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. राखणीसाठी, शेतीसाठी आणि गुराढोरांसाठी कुत्रा ठेवण्यास मात्र परवानगी आहे. अंगण, शेत किंवा गोठा असेल, तर तेथे त्याची सोय होऊ शकते. एका खोलीच्या घरात ती कशी होणार? याचा विचार आधी करा. कुत्रा साधारणपणे १० ते १३ वर्षे जगतो. आज तुम्ही आठवीत असाल, तर तुम्ही नोकरीला लागेपर्यंत तो तुमच्या दारात असेल. तेवढी वर्षे त्याला रोज कोण खाऊ घालणार, हे आजच ठरले पाहिजे.

दुसरी तयारी जागेची. ऊन, पाऊस आणि थंडी लागणार नाही अशा कोपऱ्यात जुने पोते अंथरा. जवळ पाण्याचे पसरट भांडे ठेवा. दात येणारे पिल्लू दिसेल ते चावते. म्हणून विजेच्या लोंबत्या वायरी वर बांधा. उंदराचे औषध, फिनाईल आणि कपाटातील डांबराच्या गोळ्या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा जागी ठेवा. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. जेवणानंतर कोंबडीची हाडे त्याच्यापुढे टाकण्याची सवय तर सोडूनच द्या. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या त्याच्या घशात किंवा आतड्यात रुततात.

पिल्लू दोन महिन्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नका. आईचे दूध आणि भावंडांची संगत, दोन्हींची त्याला तोपर्यंत गरज असते. शिवाय पिल्लांजवळ गेलेल्या माणसावर कुत्री धावून येते, हेही लक्षात ठेवा.

तिसरी तयारी औषधोपचाराची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. पिल्लाला जनावरांच्या दवाखान्यात न्या. त्याला जंताचे औषध द्यावे लागते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लांचे जीव घेतात. त्यांच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यायची. पुढची लस कधी, ते डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपाय केला तर हा रोग टाळता येतो. १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला होता. लुई पाश्चर यांनी आपली नवी लस त्याला टोचून घेतली आणि तो वाचला. म्हणून कुत्रा चावला किंवा त्याचे नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जखमेवर मिरची किंवा चुना लावू नका. रागावतील या भीतीने अनेक मुले चावल्याचे घरी सांगतच नाहीत. असे कधीही करू नका. बोलणी खाल्ल्याने कोणी मरत नाही, लपवल्याने मात्र मरण येऊ शकते.

कोणी म्हणेल, "गल्लीतील कुत्री आपोआप वाढतात. त्यांच्यासाठी एवढी उठाठेव कोण करते?" आपोआप वाढलेली तेवढी आपल्याला दिसतात. रोगाने, उपासमारीने आणि गाडीखाली गेलेली पिल्ले कोण मोजतो? आणि घरी आणून चार दिवसांनी रस्त्यावर सोडलेल्या पिल्लाचे हाल तर आणखी वाईट. तोपर्यंत त्याची आई दुसरीकडे गेलेली असते आणि त्याला स्वतःचे अन्न शोधता येत नाही.

मग ज्यांच्या घरी सोय नाही, त्यांनी काय करावे? पिल्लाला त्याच्या आईजवळ राहू द्यावे. त्याला दगड मारू नये, कोणी मारत असेल तर त्याला अडवावे. उन्हाळ्यात भिंतीच्या सावलीत पाण्याचे भांडे भरून ठेवावे. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून चामडी मोज्यात पाणी आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या माणसाने कुत्रा घरी नेला नव्हता. त्या क्षणी कुत्र्याला जे हवे होते, ते त्याने दिले.

उर्दूत आपण ज्याला 'अमानत' म्हणतो, त्याला मराठीत 'ठेव' म्हणतात. घरी आणलेले पिल्लू ही ठेव आहे. ती सांभाळण्याची तयारी असेल, तरच हात पुढे करा.