स्वमग्न मुलांच्या वर्गात गाणे

कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी आपल्या बेळगावजवळचेच. अशा सुरेल परिसरात 'गाण्याने आमचे स्वमग्न मूल बरे होईल का?' असे पालकांनी विचारावे, यात नवल नाही. माझे मत स्पष्ट आहे: गाणे हे औषध नव्हे, शिकवण्याचे साधन मात्र उत्तम आहे.

नऊ देशांतील ३६४ मुलांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संगीतोपचाराने लक्षणांची तीव्रता विशेष घटली नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात एकंदर सुधारणेचे आशादायक संकेत आहेत. पण ते बरे होण्याचे नव्हेत. खोट्या आश्वासनांपासून पालकांना सावध करणे आपले कर्तव्य आहे.

वर्गात गाण्याचे काम निराळे. हात धुण्याचे, डबा उघडण्याचे गाणे रोज तेच असले, की पुढे काय होणार हे मुलाला उमगते आणि त्याची घालमेल कमी होते. ओळीतला शेवटचा शब्द बाईंनी गाळून क्षणभर थांबावे. कधी मूलच तो पुरा करते. आवाज बेताचा हवा. गोंगाट झाला की काही मुले कान झाकतात.

सीमाभागात घरी मराठी, बाहेर कन्नड, शाळेत अनेकदा इंग्रजी. मूल बोलत नाही म्हणून घरची भाषा सोडायला सांगू नये. दोन भाषांमुळे स्वमग्नता वाढत नाही. आईची बडबडगीते वर्गात यावीत.

आपण प्रथम श्रवणचाचणी करावी, स्पीच थेरपी चालू ठेवावी आणि शिक्षकांना चिठ्ठी द्यावी: या मुलाला कोणते गाणे रुचते, कोणता आवाज सोसत नाही. औषधांच्या यादीइतकीच ती मोलाची आहे.