अहवालातील मेंदू आणि माणसातील मेंदू

‘डॉक्टर, अहवालात मेंदू आक्रसल्याचे लिहिले आहे. आता बाबांचे काही खरे नाही ना?’ पनवेलमधील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याच्या अगदी उलट वाक्यही तितकेच ऐकू येते : ‘सीटी नॉर्मल आला, म्हणजे पक्षाघात नाही. घरी नेतो आम्ही.’ पहिल्या वाक्यात अकारण निराशा आहे, तर दुसऱ्यात जिवावर बेतू शकणारा निर्धास्तपणा. दोन्हींचे मूळ एकच. कोणती तपासणी मेंदूतील नेमके काय दाखवते, याची आपल्याला पुरेशी ओळख नसते. या अंकात ती ओळख करून घेऊ.

एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंती, जिने, खोल्या पाहणे वेगळे आणि त्या वाड्यात कोणत्या खोलीत दिवा लागला आहे हे पाहणे वेगळे. मेंदूच्या तपासण्यांचेही असेच दोन गट आहेत : रचना दाखवणाऱ्या आणि कार्य दाखवणाऱ्या.

सीटी स्कॅन : घाईच्या वेळेचा सोबती

साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसते; आतला मेंदू दिसत नाही. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याने सोडवली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. अनेक कोनांतून घेतलेले क्ष-किरण संगणक एकत्र जुळवतो आणि मेंदूचे आडवे छेद दाखवतो. या कार्यासाठी हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

सीटी काही मिनिटांत होतो आणि ताजा रक्तस्राव त्यात पांढरा, स्पष्ट दिसतो. म्हणूनच तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे अचानक दिसताच प्रथम सीटी केला जातो. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात घातक ठरते. त्यामुळे रक्तस्राव नाही याची आधी खात्री हवी. मात्र रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेला पक्षाघात पहिल्या काही तासांत सीटीत दिसेलच असे नाही. अशा रुग्णाचा ‘नॉर्मल’ सीटी म्हणजे घरी जाण्याची परवानगी नव्हे. उपचार सुरू करण्याची ती संधी असते. हे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ ला फोन करून चोवीस तास सीटीची सोय असलेले रुग्णालय थेट गाठावे.

सीटीचा आणखी एक उपकार सांगतो. वृद्ध व्यक्ती न्हाणीघरात घसरते, डोक्याला किरकोळ मार लागतो, आणि काही आठवड्यांनी विसरभोळेपणा, झोपाळूपणा, चालताना झोक जाणे सुरू होते. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ प्रत्यक्षात मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेले असू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर हा धोका अधिक. हे रक्त वेळेत काढले तर अनेक जण पुन्हा पूर्ववत होतात.

एमआरआय : बारकाव्यांचा जाणकार

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरींच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंकडून चित्र मिळवले जाते. मेंदूचा मागचा भाग, मेंदूस्तंभ, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हे भाग येथे सीटीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. एका विशिष्ट पद्धतीने ताजा पक्षाघातही फार लवकर ओळखता येतो.

नेहमीच्या दीड टेस्ला यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते आणि तपासणी चालू नसतानाही ते तसेच असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला आणि दोन कर्मचारी त्यात कित्येक तास अडकून पडले. म्हणून सोबतच्या व्यक्तीनेही किल्ल्या, नाणी, मोबाइल, काठी बाहेरच ठेवावी. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील उपकरण, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण यांची माहिती आधी द्यावी. काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात. त्यासाठी त्यांचे कार्ड सोबत न्यावे.

कार्य दाखवणाऱ्या तपासण्या

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेतील एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो वापरतो. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती किती वापरतो हे पाहतात. अल्झायमरमध्ये विशिष्ट भागांतील वापर मंदावलेला दिसतो. या साखरेची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे ती जवळपासच तयार करावी लागते. भारतातील पहिले वैद्यकीय पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. प्रत्येक विसराळू व्यक्तीला ही तपासणी लागत नाही. निदानात पेच असेल तेव्हाच ती उपयोगी पडते.

फंक्शनल एमआरआय, म्हणजे कार्यात्मक एमआरआय, रक्तातील ऑक्सिजनच्या बदलांवरून मेंदूचा कार्यरत भाग दाखवतो. गाठीच्या शस्त्रक्रियेपूर्वी वाणीचे व हाताच्या हालचालीचे केंद्र कोठे आहे हे जाणण्यास त्याचा उपयोग होतो. मनातले विचार मात्र त्यातून वाचता येत नाहीत. ईईजी हे चित्र नसून मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख आहे. अपस्मारासाठी तो मोलाचा आहे; बुद्धी किंवा स्वभाव मोजण्यासाठी नव्हे.

अहवाल हाती आल्यावर

‘वयानुरूप आक्रसण’ आणि ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील बदल’ हे शब्द साठी-सत्तरीनंतरच्या असंख्य अहवालांत आढळतात. केस पांढरे होतात, तसाच पहिला बदल बऱ्याच अंशी वयाचा असतो. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांकडे अधिक काटेकोरपणे लक्ष द्यावे. चित्रात मेंदू आक्रसलेला असूनही हिशेब चोख ठेवणारे आजोबा मी पाहतो. आणि चित्र निर्दोष असूनही रोज नातवाचे नाव विसरणाऱ्या आजीही पाहतो. स्मृतिभ्रंशाचे निदान केवळ चित्रावरून होत नाही. रुग्णाशी व घरच्यांशी संवाद, स्मरणाच्या चाचण्या, बी-१२ व थायरॉइडची तपासणी, चालू औषधे, ऐकण्याची क्षमता आणि मनाची उदासी हे सारे तपासावे लागते. यांतील काही कारणे उपचारांनी दूर होण्याजोगी असतात.

म्हणून दोन विनंत्या. तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारा : ‘यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल आणि त्याने उपचार बदलेल का?’ आणि अहवालातील एका ओळीमुळे घरातील ज्येष्ठांच्या हातून बाजाराची पिशवी, देवपूजा किंवा पैशांचा व्यवहार काढून घेऊ नका. त्यांना काय जमते, हे त्यांच्याकडे पाहूनच ठरवा.